फितीत राहिलेलं गाणं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, तुमच्या घरी जुन्या कॅसेटींचा एखादा खोका आहे का? माळ्यावर, दिवाणाच्या पोटात, नाहीतर धान्याच्या कोठीमागे? असेल तर तो येत्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नका. आज मी मुख्यतः एवढंच सांगायला आलो आहे. पण का टाकू नका, हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

मी हिंगोलीचा. शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त आहे. गाण्याचं शिक्षण नाही, कान मात्र रेडिओनं घडवला. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. मोठा गवई आमच्याकडे कधीमधी यायचा. बाकी सगळं गाणं आलं ते मीडियम वेव्हवरून, खरखरीसकट. शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम म्हणजे आमच्यासारख्या आडगावच्या रसिकांची मैफलच होती. ना तिकीट, ना प्रवास, ना मुक्कामाची चिंता.

आता रसिकांची एक जुनी हुरहुर सांगतो. मोठ्या गायकाची दुकानात मिळणारी तबकडी आणि त्याच गायकाची रंगलेली मैफल यांत फार अंतर असतं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर उलगडणारा ख्याल त्या मापात बसवणं म्हणजे वारीची वाट अंगणात चालून दाखवण्यासारखं. पुढं लाँगप्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. पण स्टुडिओत समोर श्रोता नसतो, दाद नसते. मैफलीत गायक श्रोत्यांच्या साक्षीनं वाट शोधतो, कधी चुकतो, सावरतो, आणि त्या सावरण्यात असं काही सापडतं की पुन्हा त्यालाही ते साधत नाही. म्हणून रसिकाला तबकडी पुरत नाही. त्याला वाटत राहतं, अमुक साली अमुक ठिकाणी बुवा गायले, ते कुणी टिपलं असेल का? आणि टिपलं असेल तर आपल्याला कधी ऐकायला मिळेल?

ही हुरहुर पोकळ नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव ही त्यांची शिष्यमंडळी. पण खुद्द बुवांचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ते गाणं आपल्याला फक्त आठवणींतून ठाऊक आहे. याउलट किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ घ्या. त्यांना ध्वनिमुद्रणाची आवड नव्हती. तरी १९४९ साली त्यांचं निधन झाल्यावरही त्यांचं मोजकं का होईना, गाणं आपल्याला ऐकायला मिळतं ते रेडिओमुळे. एक बुवा कथेत राहिले, एक खाँसाहेब कानात राहिले. फरक केवळ कुणीतरी टिपण्याचा आणि कुणीतरी जपण्याचा.

असाच ध्यास परदेशातल्या जॅझच्या रसिकांना आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्यानं मला या संगीताची ओळख करून दिली. जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजानं घडवलेलं संगीत. आपल्याकडे राग आणि चीज ठरलेली, पण गाणं घडतं त्या बैठकीत. तिथंही मूळ सुरावट ठरलेली, बाकीचं वादन जागच्या जागी सुचलेलं. त्यामुळे त्यांचीही भूक आपल्यासारखीच, आणि तिथल्या तीन गोष्टी आपण ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट. थेलोनियस मंक हे पियानोवादक आणि जॉन कोलट्रेन हे सॅक्सोफोनवादक १९५७ साली काही महिने एकत्र वाजवत होते. त्या जोडीचं चांगलं ध्वनिमुद्रण फारच थोडं. पुढं १९६७ साली कोलट्रेन गेले, १९८२ साली मंक गेले. आणि २००५ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जुन्या फिती संगणकावर चढवताना, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २९ नोव्हेंबर १९५७ रोजी झालेला त्यांचा कार्यक्रम सापडला. व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी रेडिओनं तो टिपला होता. अठ्ठेचाळीस वर्षं ती फीत कपाटात निजून होती. त्याच वर्षी ती बाजारात आली.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची, कारण ती एका शाळेत घडली. ऑक्टोबर १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावच्या सोळा वर्षांच्या एका मुलानं मंक यांना आपल्या शाळेत वाजवायला बोलावलं. शाळेतला सफाई कर्मचारी म्हणाला, कार्यक्रम मला टेप करू द्या, मी पियानो सुरात लावून देतो. त्यानं केलेलं ते मुद्रण २०२० साली प्रसिद्ध झालं. तिसरी गोष्ट न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट या क्लबातली. तिथं १९६१ साली एका तंत्रज्ञानं नवी ध्वनियंत्रणा तपासण्यासाठी एकाच मायक्रोफोनवर कोलट्रेनचं वादन टिपलं. ती फीत सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहात सापडली आणि २०२३ साली सगळ्यांना ऐकायला मिळाली. सरकारी रेडिओ, शाळेचा सफाई कर्मचारी, यंत्र तपासणारा तंत्रज्ञ. ठेवा कुणाच्या हातून राहील, हे आधी सांगता येत नाही.

मग आपल्याकडे असा ठेवा कुठं आहे? सर्वांत मोठा आकाशवाणीकडे. १९५४ पासूनची रेडिओ संगीत संमेलनं, राष्ट्रीय कार्यक्रम आणि ठिकठिकाणच्या केंद्रांवरची मुद्रणं. यातली काही २००३ पासून ‘आकाशवाणी संगीत’ या नावानं प्रसिद्ध होऊ लागली. २०१६ साली ‘रागम’ ही शास्त्रीय संगीताला वाहिलेली वाहिनी सुरू झाली, त्यावरूनही जुनी मुद्रणं ऐकायला मिळाली. दिल्लीची संगीत नाटक अकादमी, मुंबईचं एनसीपीए, कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी यांचे संग्रह आहेत. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला; तिथल्या मंडपात गाजलेल्या मैफलींची तर रसिक अजून वाट बघतात. आणि याखेरीज खासगी संग्राहक आहेत, ज्यांनी पदरमोड करून बैठका टिपल्या.

तुम्ही विचाराल, एवढं सगळं आहे तर बाहेर का येत नाही? अडचणी चार आहेत.

पहिली अडचण फितीची. फीत म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर डिंकासारख्या पदार्थानं चिकटवलेली चुंबकीय भुकटी. स्टुडिओतली पाव इंची फीत सेकंदाला साडेसात इंच पळते. बाराशे फुटांच्या रिळावर बत्तीस मिनिटं मावतात. आपली कॅसेट सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते आणि तिची फीत सुमारे पावणेचार मिलिमीटर रुंद. एवढ्याशा जागेत सगळी मैफल. दमट हवेनं बुरशी धरते, काही फितींचा डिंक चिघळतो आणि भुकटी यंत्राच्या हेडला चिकटते. वेगाचीही गंमत आहे. यंत्र सहा टक्के जोरात चाललं तर स्वर अर्ध्या सुरानं चढतो; काळी एकमध्ये गाणारा बुवा पांढरी दोनमध्ये गातो आहे असं वाटतं.

दुसरी अडचण ओळखीची. डब्यावर नुसतं ‘खाँसाहेब, यमन’ लिहिलेलं असतं. कोण खाँसाहेब? तबल्यावर कोण? साल कोणतं? ते सांगणारी माणसं एकेक करून निघून चालली आहेत.

तिसरी हक्काची. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाला साठ वर्षं संरक्षण आहे. १९९४ च्या दुरुस्तीनं कलावंताचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क मान्य झाला, तो आता पन्नास वर्षांचा आहे. रेडिओवरून प्रक्षेपणाला दिलेली परवानगी वेगळी आणि बाजारात विकायची परवानगी वेगळी. थोडक्यात, कॅसेट माझी असली तरी गाणं माझं नाही.

चौथी अडचण मनाची. एखाद्या दिवशी गळा लागत नाही. ते गाणं जगापुढं यावं असं त्या कलावंताला वाटलं असतं का? रसिकाच्या भुकेपुढं हा प्रश्न विसरून चालत नाही. ऐकायची इच्छा आपली, अब्रू त्यांची.

आता माझा गुन्हा सांगतो. वसमतला एक गुरुजी होते. निजामाच्या राजवटीत हैदराबादला राहून गाणं शिकलेले. त्यांची कधी तबकडी निघाली नाही. १९८६ च्या महाशिवरात्रीला औंढ्याला, नागनाथाच्या यात्रेत ते रात्रभर गायले. शेवटी नामदेवांचे अभंग. नामदेव आमच्या नर्सीचे आणि त्यांना गुरू भेटले ते याच औंढ्यात, त्यामुळे तिथं ते अभंग गाताना गुरुजींचा आवाज वेगळाच लागायचा. मी टू-इन-वन मांडीवर घेऊन नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरली. घरी येऊन तिच्या मागच्या दोन्ही कुड्याही मोडल्या. कुडी मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा मुद्रण होत नाही.

दोन वर्षांनी एका शनिवारी रात्री रेडिओवर फार मोठ्या गायकाचं गाणं होतं. दुकानं बंद, कोरी कॅसेट घरात नाही. मी गुरुजींची कॅसेट काढली. कुडीच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. मनाशी म्हटलं, गुरुजी काय, इथंच आहेत, पुढच्या शिवरात्रीला पुन्हा टेप करू. पुढच्या शिवरात्रीला गुरुजी नव्हते.

त्या मोठ्या गायकाचा तोच राग आज हव्या तेवढ्या मुद्रणांत मिळतो. गुरुजींचं गाणं कुठंच मिळत नाही. अपवाद फक्त अकरा मिनिटांचा. त्या रात्री दुसरी बाजू अर्ध्याहून जास्त झाली आणि लाइट गेली. सेल गळून गेलेले होते. मी चरफडलो. आज त्या अंधाराचे आभार मानतो, कारण त्यामुळे शेवटची अकरा मिनिटं पुसायची राहिली.

मागच्या वर्षी गुरुजींची नात आली. तिनं आजोबांना पाहिलं नव्हतं. मी तिला ती अकरा मिनिटं ऐकवली. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, ‘काका, याच्या आधीचं कुठं आहे?’ मी खरं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. पुन्हा एकदा लावा, एवढंच म्हणाली.

म्हणून आता कामाच्या चार गोष्टी सांगतो. कॅसेट सापडली की लगेच वाजवून बघू नका. बुरशी दिसली तर जाणकाराकडेच न्या. फीत चांगली असेल तर आधी कुडी मोडा, मग यंत्राचं हेड साफ करा, एकदा पुढं-मागं गुंडाळून घ्या आणि मगच ऐका. संगणकावर उतरवताना पूर्ण दर्जाची वेव्ह फाइल करा. चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झला तासाला सुमारे दोन जीबी लागतात, लागू द्या. आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात मूळ फाइलला हात लावू नका. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. सोबत कागदावर लिहा: कोण, कुठं, कधी, साथीला कोण. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, उद्यावर ढकलू नका. मूळ कॅसेट फेकू नका. आणि कलावंताच्या घरच्यांना विचारल्याशिवाय गाणं जगभर पाठवू नका; पण त्यांना एक प्रत मात्र नक्की द्या. बऱ्याचदा त्यांच्याकडेच काही नसतं.

शेवटी एक विनंती. १९८६ च्या त्या शिवरात्रीला औंढ्यात माझ्या डाव्या हाताला, खांबाला टेकून आणखी एक गृहस्थ बसले होते. डोक्याला मफलर, पुढ्यात काळा टेपरेकॉर्डर. कॅसेट संपली की दोघंही एकदमच उलटवत होतो आणि एकमेकांकडे बघून हसत होतो. नाव विचारायचं राहून गेलं. ते कळमनुरीचे असतील, सेनगावचे, कदाचित पूर्णा-परभणीकडचेही. ते स्वतः ऐकत असतील, नाहीतर त्यांची मुलं ऐकत असतील, तर एवढं करा. माळ्यावरचा खोका खाली काढा. डबीवर काही लिहिलेलं नसलं तरी प्रत्येक कॅसेट बघा. त्यातली एखादी आमच्या गुरुजींची असेल.