पाकोळ्यांच्या बिल्डिंगला खिडकी का नसते?

मलेशिया किंवा इंडोनेशियातल्या छोट्या गावात फिरताना एक विचित्र इमारत हमखास दिसते. तीन-चार मजले, खिडकी एकही नाही, भिंतीत ओळीने छोटी भोकं, वर एक चौकोनी तोंड आणि स्पीकरवर दिवसभर किलबिलाट. आत माणसं नाही, पाकोळ्या राहतात. त्यांच्या घरट्यांचं सूप चीनमध्ये आवडीने प्यायलं जातं आणि चांगल्या घरट्यांना किलोमागे लाख रुपयांच्या पुढे भाव मिळतो.

ही घरटी काडीकचऱ्याची नसून लाळेची असतात. लाळेचे धागे एकावर एक चिकटवत हे काम महिनाभर तरी चालतं. निसर्गात ते दमट, अंधाऱ्या गुहेत होतं. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवरही पाकोळ्यांच्या अशा गुहा आहेत. (तिथली जात वेगळी, आणि तिची घरटी काढणं हा गुन्हा आहे. तेव्हा आयडिया डोक्यातून काढा.)

म्हणजे मालकाला सिमेंटची गुहा बनवायची असते. तापमान साधारण 26 ते 30 अंश, आर्द्रता 80 ते 90 टक्के. हवा कोरडी झाली तर लाळ लाकडी फळीला नीट धरत नाही, घरटं ठिसूळ होतं, तडकतं आणि कधी अंड्यांसकट खाली येतं. उलट फार ओल झाली तर फळ्यांवर बुरशी चढते आणि बुरशीच्या फळीवर पाकोळी घरटं बांधायला तयार होत नाही.

इथेच बरेच नवखे मालक फसतात. दुपारी मीटरवर आर्द्रता 60 दिसली की ते धावत जाऊन फॉगर मशीन आणतात. पण पाणी खरंच कमी झालेलं असतं का? 27 अंशांना 85 टक्के आर्द्रता असलेली हवा तशीच 33 अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढंच राहूनही मीटर 60 टक्क्यांवर येतो, कारण गरम हवेत बाष्प जास्त मावतं. दोष तापलेल्या स्लॅबचा असतो. अशा वेळी फवारा मारत राहिलं, की रात्री स्लॅब गार झाल्यावर तेच जास्तीचं पाणी फळ्यांवर दव होऊन बसतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. म्हणून आधी जाड भिंती, छतावर उष्णतारोधक थर, आणि मग मशीन. तेही आर्द्रता पाहून आपोआप बंद होणारं.

आता ती भोकं. ते पीव्हीसी पाइप असतात, आणि त्यांना एल्बो लावून तोंड खाली वळवलेलं असतं. त्यामुळे हवा येते पण उजेड आणि पाऊस येत नाही, शिवाय वाऱ्याचा झोत थेट घरट्यांवर बसत नाही. तोंडाला जाळी लागते, नाहीतर पाली आणि उंदीर अंडी फस्त करतात. ही जाळी पिसं आणि कोळिष्टकांनी बुजते, ती साफ करणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम.

आर्द्रता टिकावी म्हणून पाइपच बुजवून टाकले तर? तर खाली साचलेली विष्ठा कुजते, अमोनिया कोंडतो आणि जिवाणू त्यापासून नायट्राइट तयार करतात. अशा हवेत पांढरी घरटी पिवळट, पुढे लालसर होत जातात. ‘रक्ताची घरटी’ म्हणून जास्त भावाने विकला जाणारा माल अनेकदा हाच असतो. पक्ष्याच्या रक्ताशी त्याचा संबंध नाही. 2011 मध्ये मलेशियाच्या लाल घरट्यांत नायट्राइटचं प्रमाण जास्त सापडलं आणि चीनने तिथली आयातच थांबवली. त्याचा फटका पांढरी, स्वच्छ घरटी विकणाऱ्यांनाही बसला.

त्यामुळे जुने मालक दार उघडल्यावर मीटर नंतर बघतात. आधी एक श्वास घेतात. डोळे चुरचुरले, तर त्या दिवशी फॉगर बंद, खराटा आणि पोतं आत.