रंग विटला म्हणजे साइडिंग गेलं असं नाही

टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना किंवा सिअॅटलकडे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो. घराला बारा-पंधरा वर्षं झाली, बाहेरचं फायबर सिमेंटचं साइडिंग फिकं पडलंय, हात लावला की पांढरी भुकटी लागते. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "साइडिंग गेलं, सगळं बदलून टाका."

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. फायबर सिमेंट म्हणजे पोर्टलँड सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू एकत्र करून वाफेच्या दाबाखाली पक्की केलेली पट्टी. तिला वाळवी लागत नाही, ती पेटत नाही. विटतो तो तिच्यावरचा रंग. उन्हाने रंगातलं बांधून ठेवणारं द्रव्य झिजतं, आतली पूड मोकळी होते आणि तीच तळव्याला लागते. जेम्स हार्डी ही या धंद्यातली मोठी कंपनी अमेरिकेत बोर्डावर 30 वर्षांची मर्यादित हमी देते, तर कारखान्यात चढवलेल्या रंगावर 15 वर्षांची. हे दोन आकडे शेजारी ठेवले की रंगाचं आयुष्य वेगळं आणि बोर्डाचं वेगळं, हे लक्षात येतं. "कारखान्यातला रंग आहे, पुन्हा लावावाच लागत नाही" हा उलट बाजूचा गैरसमजही त्यातच निकालात निघतो.

मात्र बोर्ड खरंच खराब झालाय का, हे तपासायलाच हवं. पट्टीची खालची कड, कापलेली टोकं, छपराला टेकणारा भाग आणि गटरखालचा कोपरा, या जागा आधी बघा. कड हाताला मऊ लागली, तिचे पापुद्रे सुटत असले, स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं, तर ती पट्टी बदला. पाणी प्यायलेल्या बोर्डावर कितीही भारी रंग लावा, तो टिकणार नाही.

दुसरा गैरसमज आपण इकडूनच घेऊन जातो. पुण्या-मुंबईत दारं-खिडक्यांना ऑइल पेंट लावायची रीत, त्यामुळे "ऑइल पेंट दणकट, बाहेर तोच लावा" असं वाटतं. सिमेंट अल्कधर्मी असतं. उघड्या सिमेंटवर तेलाचा रंग बसला की अल्क आणि तेल यांची तीच रासायनिक क्रिया होते, ज्यातून साबण तयार होतो. रंग चिकट होतो, मग सुटायला लागतो. इथे शंभर टक्के अॅक्रिलिक, बाहेरच्या भिंतीसाठीचा पाण्यातला रंगच हवा. भिंतीला फिरवतो तशी पुट्टी सबंध साइडिंगवर फिरवण्याचाही विचार करू नका.

सगळीकडे प्रायमर लागतोच असंही नाही. जुना रंग घट्ट असेल तर नाही. ब्लेडने फुलीसारखी चीर द्या, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चिकटपट्टीबरोबर रंग आला नाही, तर धुऊन थेट रंग चालतो. जिथे बोर्ड उघडा पडलाय किंवा धुऊनही भुकटी राहते, तिथे अल्क सोसणारा अॅक्रिलिक प्रायमर हवाच.

धुण्याचं काम मला रंगापेक्षाही महत्त्वाचं वाटतं आणि नेमकी तिथेच घाई होते. प्रेशर वॉशर लावला की तासाभरात भिंत लख्ख, पण जोराचा फवारा पट्ट्यांच्या सांध्यातून वर चढतो आणि मागे पाणी शिरतं. कडाही उखडू शकतात. बागेचा होज, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि वरून खाली स्वच्छ पाणी, एवढं पुरतं. उत्तरेकडच्या भिंतीवर काळे ठिपके असतील, तर एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी असं मिश्रण एका ठिपक्यावर लावून काही मिनिटं थांबा. ठिपका फिका पडला तर ती बुरशी. ती मारल्याशिवाय रंग लावलात तर नव्या रंगातूनही वर येईल. ब्लीच अमोनिया असलेल्या कशातही मिसळू नका, विषारी वायू होतो.

"पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करू" हे ऐकलं की मला काळजी वाटते. बोर्डात सिलिका असते आणि कोरडं घासल्यावर उडणारी तिची बारीक धूळ फुफ्फुसांत कायमची बसते. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने 2016 साली आठ तासांच्या पाळीसाठी हवेत दर घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम ही तिची मर्यादा ठरवली. सुटलेला रंग खरवडा, पण बोर्ड घासू नका. घर 1980 च्या आधीचं असेल तर त्यावरच्या सिमेंटच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि 1978 च्या आधीच्या रंगात शिसं. तिथे चाचणी होईपर्यंत खरवडणंही नको.

भेगा बुजवायचा उत्साहही आवरा. पट्टीवर पट्टी जिथे चढते, ती आडवी फट कॉकने, म्हणजे सांधे बुजवायच्या लवचिक मसाल्याने, बंद केली की मागे गेलेल्या पाण्याची बाहेर यायची वाट बंद होते. कॉक लागतो तो खिडकी-दाराच्या चौकटीशी पट्टी भिडते त्या उभ्या सांध्यात.

गडद रंगाची भीती मात्र विनाइल साइडिंगची आहे. ते उन्हाने तापून वाकतं, फायबर सिमेंट वाकत नाही. गडद रंग लवकर विटतो, एवढाच तोटा.

हवामान बघून दिवस निवडा. साधारण 10 ते 32 अंश सेल्सियसमध्ये, भिंत पूर्ण कोरडी असताना, उन्हाच्या मागे मागे सावलीच्या बाजूला काम करा आणि दव पडायच्या बऱ्यापैकी आधी ब्रश ठेवा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात द्या.

काम कंत्राटदाराला देणार असाल, तर दर विचारण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: भिंत कशी धुणार, प्रायमर कुठे लावणार, रंग कोणता आणि हात किती, आणि खराब पट्ट्या बदलण्याचे पैसे यात धरलेत की नाही. यांची उत्तरं न देणाऱ्याला स्वस्त असला तरी काम देऊ नका.