फक्त कडेला टोचणारा टाका

शाळेच्या शिवणाच्या तासाला शिकलेला काज टाका अनेकींना आठवत असेल. सुई कापडातून ओढताना दोरा तिच्या टोकाखाली धरायचा, म्हणजे काठावर फासांची सलग ओळ तयार होते. हाच टाका कापड सोडून आधीच्या ओळीच्या फासांतून घालत गेले, की त्याला इंग्रजीत ‘डिटॅच्ड बटनहोल’ म्हणतात. आपण त्याला सुटा काज टाका म्हणू. या टाक्याने भरलेले पान केवळ कडेने कापडाला जोडलेले असते. मधली दोऱ्याची वीण सुईच्या टोकाने अलगद उचलता येते.

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या आरंभी या टाक्याला मोठा मान होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मार्गारेट लेटन या स्त्रीचे १६१० नंतरच्या दशकातील लिननचे जाकीट आहे. त्यावरील रंगीत रेशमाच्या भरतकामात हा टाका पाहावयास मिळतो. तेच जाकीट ल्यालेल्या मार्गारेटचे तैलचित्रही तेथेच आहे, हा योग दुर्मीळच. व्हेनिसमधील सुईच्या लेसला ‘पुंतो इन आरिया’, म्हणजे ‘हवेतला टाका’, असे नाव पडले. तिच्याही मुळाशी हाच फास आहे. आपल्याला जवळचे उदाहरण कच्छी आभलेकामाचे. तेथेही आरशावर आधी दोऱ्यांची चौकट ताणतात आणि पुढचे टाके त्या चौकटीला धरून घालतात.

शिकताना आरंभ चौकोनाने करावा. पानाचा मोह नंतर. कापड रिंगमध्ये घट्ट ताणून चौकोनाच्या चारही बाजूंनी उलटी टीप घालावी. याच टिपा पुढे साऱ्या विणीचा भार पेलतात. सुई बोथट टोकाची हवी. टोकदार सुई खालचे कापड पकडते आणि दोराही चिरते. सुटणाऱ्या सहापदरी दोऱ्याऐवजी पीळदार पर्ल कॉटन घेतल्यास पुष्कळ मनस्ताप वाचतो.

सुई वरच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर काढून वरच्या बाजूच्या प्रत्येक टिपेत एकेक फास घालत उजवीकडे जावे. ओळ संपताच दोरा उजव्या कडेच्या टिपेखालून ओवून घ्यावा, सरळ आडवा डावीकडे न्यावा आणि तेथील टिपेत अडकवावा. दुसऱ्या ओळीचा प्रत्येक फास वरच्या ओळीचा फास आणि हा आडवा दोरा या दोहोंना कवेत घेतो. आडव्या दोऱ्यामुळे वीण दाट होते. शेवटची ओळ खालच्या टिपांना जोडून घ्यावी.

कृती एवढीच. अवघड आहे तो हाताचा ताण. नवशिक्याला दोरा आवळण्याची सवय असते, कारण इतर बहुतेक टाक्यांत चूक झाली तरी कापड सावरून घेते. येथे मधे कापडाचा आधारच नाही. फास आवळले, की ओळ आखडते, कडा आत ओढल्या जातात आणि चौकोनाला डमरूसारखी कंबर येते. प्रस्तुत लेखिकेच्या पहिल्या तीन चौकोनांना अशीच कंबर आली होती आणि तिन्ही वेळा दोष दोऱ्याला दिला गेला! फास नुसता बसू द्यावा. त्यातून सुईचे टोक पुन्हा सहज जाईल इतपत सैल. पहिल्या दोन ओळी ओबडधोबड दिसतात आणि बहुतेक जणी तेथेच कात्री घेतात. पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत धीर धरला, तर विणीचा पोत उमटू लागतो.

मग पान. आकार रुंदावतो तेथे कडेच्या एका फासात दोन टाके घालावेत, निमुळता होतो तेथे एक फास सोडून द्यावा. नवा दोरा जोडायचा तो नेहमी कडेलाच. म्हणून प्रत्येक ओळीपूर्वी उरलेला दोरा पुरेल का, हे पाहावे. ओळीच्या मध्यावर तो संपला, तर गाठ लपवायला खाली काहीच नसते. ओळ उसवून पुन्हा घालावी लागते.