गणपतीला कोकणात जाताय? तारखा आत्ताच मोजा

मंडळी, यंदा २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून), आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे शनिवारी १२ सप्टेंबरला निघायचं तर तिकीट १४ जुलैला सकाळी ८ वाजता. आठला पाच मिनिटं असताना लॉगिन करून, प्रवाशांची यादी आधीच भरून बसा. खात्याला आधार जोडलेलं हवंच.

सगळे गडबडतात ते परतीला. २० सप्टेंबरच्या परतीचं आरक्षण २२ जुलैला उघडतं, त्याचा वेगळा गजर लावा. शिवाय दिवस मोजायचे ते गाडी मूळ स्थानकावरून सुटते त्या तारखेपासून. केरळातून आदल्या दिवशी निघालेली गाडी तुम्ही रत्नागिरीला पकडणार असाल, तर तिचं आरक्षण एक दिवस आधीच खुलं झालेलं असतं!

हुकलं तरी धीर सोडू नका. गणपती स्पेशल गाड्या वेगळ्या जाहीर होतात, आणि वाडीतली माणसं जमली तर एसटीचं ग्रुप बुकिंग मला सर्वांत भरवशाचं वाटतं. तत्काळवर मात्र विसंबू नका.