घटनेचा मसुदा आणि लोकांच्या सूचना

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव. त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने भारतीय घटनेचा मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी घटना समितीच्या अध्यक्षांना सादर केला. त्यानंतर त्या मसुद्याचे काय झाले, हे ग्रामपंचायतीचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे.

मसुदा लोकांपुढे

घटना समितीतील प्रांतांचे सदस्य प्रांतिक कायदेमंडळांनी निवडले होते आणि त्या कायदेमंडळांसाठी मतदानाचा हक्क मर्यादित लोकांनाच होता. म्हणूनच मसुदा प्रसिद्ध करून सूचना मागविण्यास विशेष महत्त्व होते. व्यक्ती, संस्था व प्रांतिक सरकारे यांच्या सूचनांचा समितीने विचार केला. सुमारे ८ महिने लोकांपुढे राहिल्यानंतर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा घटना समितीत मांडण्यात आला.

उणीव भरून निघाली

मसुद्यात ग्रामपंचायतींचा उल्लेख नाही, ही त्यावरील एक मोठी टीका होती. खेड्यांत संकुचित वृत्ती व जातीयता नांदते, म्हणून खेडे नव्हे, तर व्यक्ती हाच घटक मानला पाहिजे, अशी डॉ. आंबेडकरांची स्पष्ट भूमिका होती. तरीही के. संथानम यांनी २२ नोव्हेंबर १९४८ रोजी मांडलेली ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. घटनेतील ४० वा अनुच्छेद तो हाच. पुढे २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना व ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले.

मसुद्यावर एकूण ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली.

गावासाठी बोध

गावाचा विकास आराखडा तयार करतानाही हीच रीत उपयोगी पडेल. मसुदा आधी फलकावर लावावा, वाचण्यास पुरेसा अवधी द्यावा आणि आलेली प्रत्येक सूचना नोंदवावी. एखादी सूचना स्वीकारता आली नाही, तर त्याचे कारण ग्रामसभेत सांगावे. मात्र डॉ. आंबेडकरांनी दिलेला इशाराही विसरता कामा नये. वाडीतील दुर्बल माणसाला बोलता आले नाही, तर ती सभा सर्व गावाची ठरत नाही.