पारसिकचा बोगदा आणि पुंजभौतिकी

1984 आणि 1985 साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात केलेल्या प्रयोगांबद्दल जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस या त्रयीस 2025 चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा सामान्य वाचकाच्या पदरी बहुधा एकच वाक्य पडले, ते असे की कण भिंतीतून आरपार जातात. आणि ते वाक्य सर्वस्वी खोटे नसले, तरी त्याने जिज्ञासा न शमता केवळ अचंबा वाढतो, व नुसत्या अचंब्यावर कोणाचे फावते हे ‘क्वांटम’ नावाने खपणाऱ्या औषधोपचारांवरून दिसतेच आहे.

दृष्टान्तावाचून हा विषय समजावता येत नाही, हे कबूल. परंतु दृष्टान्ताची हद्द कोठे संपते याचा खुलासा त्याच दमात केला नाही, तर वाचक दृष्टान्तालाच शास्त्र समजून बसतो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या टापूतील चाकरमान्याला पारसिकचा बोगदा वर्णून सांगावा लागत नाही. मुंब्र्यावरून डोंगराला वळसा घालणारा मार्ग आधीचा. 1916 साली हा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाला आणि जो डोंगर चढण्याचे बळ गाडीच्या अंगी नाही, त्याच्या पलीकडे ती सरळ निघू लागली. इलेक्ट्रॉनही आपल्या ऊर्जेच्या मानाने उंच असलेल्या अडथळ्यापलीकडे आढळतो, एवढेच साम्य. येथे डोंगर कोणी पोखरलेला नसतो. अडथळा अभंगच राहतो. इलेक्ट्रॉनचे वर्णन ज्या तरंगाने करावे लागते, तो अडथळ्यात शिरताच झपाट्याने क्षीण होत जातो, पण अडथळा पुरेसा पातळ असल्यास पलीकडे पोचेपर्यंत पुरता विझत नाही, आणि जो अंश उरतो त्यावरून कण पलीकडे सापडण्याची संभाव्यता ठरते. कोणता कण केव्हा सुटेल याचे वेळापत्रक मात्र निसर्गाच्या दफ्तरी नाही. (मध्य रेल्वेचे निदान छापलेले तरी असते.)

एकेका कणाची ही करामत किरणोत्सर्गाच्या अभ्यासातून 1928 पासूनच ठाऊक होती. बर्कलेच्या त्रयीने दोन अतिसंवाहकांमध्ये विद्युत्‌रोधकाचा अतिसूक्ष्म पडदा असलेले मंडल घेतले, ज्यात असंख्य इलेक्ट्रॉन-जोड्या मिळून जणू एकच वस्तू होऊन वागतात. त्यातून प्रवाह वाहतो, पण व्होल्टेज शून्य. मग अवचित व्होल्टेज उमटते, म्हणजे सबंध व्यवस्था अडथळ्यापलीकडे निसटली. परंतु उष्णतेच्या धक्क्याने ती अडथळ्यावरून उडी मारून गेली नाही कशावरून? संशोधकांनी तापमान उतरवीत नेले. निसटण्याचे प्रमाण प्रथम घटत गेले आणि एका टप्प्यानंतर आणखी थंड करूनही घटेना. उष्णतेचा त्यात हात नाही, याची ही साक्ष. बातमीत ठळक छापायला हवे होते ते हेच, असे माझे मत आहे.

हे संशोधन आपल्यापासून वाटते तितके दूरही नाही. देव्होरे यांच्याकडे येल येथे पीएच.डी. केलेले आर. विजयराघवन कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच जातीच्या मंडलांपासून क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूलभूत घटक, घडवतात. डीआरडीओची पुण्यातील प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्या सहकार्याने टाटा संस्थेतील 6 क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पार पडल्याचे ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झाले. 6 क्युबिटांची गणिते घरचा संगणकही करून दाखवतो, हेही वाचकाला सांगितले पाहिजे. अशाच संशोधनासाठीच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 एप्रिल 2023 रोजी मंजुरी दिली, ती 6003.65 कोटी रुपयांच्या तरतुदीसह.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच ‘चाय अँड व्हाय’ हा विनामूल्य उपक्रम 2009 पासून जुहूचे पृथ्वी थिएटर आणि माटुंग्याचे रुपारेल महाविद्यालय येथे रविवारी भरत आला आहे. तशी बैठक अंबरनाथला भरावी, अशी माझी फार इच्छा आहे. आयुध निर्माणी आणि नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा ज्या गावात आहेत, तेथे धातू हाताळण्यात हयात गेलेली माणसे श्रोत्यांत बसतील, आणि श्रोडिंजरच्या मांजरीची विचारपूस न करता मंडलातील तो पडदा कशाचा, किती जाड आणि बसवता कसा, असे विचारतील. आजच्या क्युबिटांत तो बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा असतो, जेमतेम एक-दोन नॅनोमीटर जाडीचा. निर्वात पात्रात अ‍ॅल्युमिनियमचा थर बसवायचा, मोजका ऑक्सिजन आत सोडायचा, आणि वर पुन्हा अ‍ॅल्युमिनियम चढवायचे.