हरवलेले मूल आणि पाचवा नंबर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता. आमच्याच शाळेत आठवीत शिकणारा, आमच्याच गल्लीतला एक मुलगा अस्रनंतर सायकल घेऊन बाहेर पडला. मगरिबची अजान झाली, दुकानांचे दिवे लागले, इशाची वेळ जवळ आली, तरी तो परतला नाही. त्याची अम्मी दारात उभी, अब्बा अंधेरी स्टेशनपर्यंत जाऊन आलेले. आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर शंभरावर मेसेज येऊन पडलेले.

प्रत्येकाकडे काहीतरी ‘पुरावा’ होता. किराणा दुकानदाराने आपल्या कॅमेऱ्यातली क्लिप टाकली. तीत सायकलवरचा एक मुलगा जाताना दिसत होता आणि त्याच्या मागोमाग एका भंगारवाल्याची हातगाडी. शर्ट निळा की काळा, यावर अर्धा तास वाद झाला. कोणाला आठवले की याच भंगारवाल्याने तीन दिवसांपूर्वी त्या मुलाला ‘सायकल विकायची का?’ असे विचारले होते. कोणी म्हणाले, हा माणूस इथला नाहीच. कोणीतरी त्याचा फोटो टाकला, खाली लिहिले, ‘याच्यावर नजर ठेवा.’ तो फोटो पुढे गेला, त्याच्याही पुढे गेला. खरे सांगायचे तर आम्हीही तो पाठवला. दोन ग्रुपवर. शिक्षक असून.

साडेनऊच्या सुमारास काही तरुणांनी त्या माणसाला नाक्यावर अडवले. हातगाडी उलटी केली, कॉलर धरली. नशीब, मशिदीतून बाहेर पडणारे दोन बुजुर्ग मध्ये पडले आणि त्याला आत बसवून ठेवले. आणखी अर्ध्या तासाने तो मुलगा आपल्या खालूंच्या मोटरसायकलवर बसून घरी आला. वाटेत सायकलची चेन तुटली म्हणून तो ती ढकलत बेहराम बागेत खालाच्या घरी गेला होता. खाला आणि खालू लग्नाला गेले होते, घरी फक्त नानी. नानीने जेवू घातले, मुलाला झोप लागली. अम्मीने खालाला सात-आठ वेळा फोन केला होता, पण खालाने नंबर बदलला होता. अम्मीकडे जुनाच होता.

दुकानाच्या कॅमेऱ्याचे घड्याळ चाळीस मिनिटे पुढे होते, हे नंतर कळले. क्लिपमधला मुलगा दुसराच कोणी होता. शंभरावर मेसेज करणाऱ्या आमच्यापैकी एकालाही सुचले नाही की रिक्षा करून खालाच्या घरी बघून यावे.

त्या रात्री आम्हाला आमच्याच अंधेरीतली एक जुनी घटना आठवली. अनेक वाचकांच्याही ती लक्षात असेल.

२२ जानेवारी २०१३. अंधेरी पश्चिमेतली सात वर्षांची एक मुलगी भावाबरोबर शाळेला निघाली. खाऊच्या पैशांवरून दोघांचे काहीतरी बिनसले, भाऊ पुढे निघून गेला. ती शाळेत पोहोचली नाही आणि घरीही आली नाही. डी. एन. नगर पोलीस ठाण्यात नोंद झाली. तिथे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले हरवलेल्या मुलींचे काम बघत असत. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्याकडे अशा १६६ मुलींची प्रकरणे आली. १६५ मुलींचा पत्ता लागला. उरली ती हीच, म्हणून वर्तमानपत्रांनी तिला ‘१६६ नंबरची मुलगी’ म्हटले. २०१५ मध्ये भोसलेसाहेब निवृत्त झाले. वर्दी उतरली, पण तिचा फोटो खिशात राहिला. निवृत्तीनंतरही ते विचारपूस करत राहिले, तिच्या घरच्यांना भेटत राहिले.

ती सापडली ४ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे साडेनऊ वर्षांनी. आणि सापडली कुठे? आपल्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मूलबाळ नसलेल्या एका जोडप्याने तिला नेले होते. शोधाचा गाजावाजा झाला तेव्हा घाबरून तिला कर्नाटकात रायचूरला वसतिगृहात ठेवले. पुढे त्यांना स्वतःचे मूल झाले, मग तिला परत आणून कामाला जुंपले.

आता ती सापडली कशी, ते नीट वाचा. जुहूत ज्या घरी ती मूल सांभाळायला जात होती, तिथे काम करणाऱ्या एका बाईला तिने आपली हकीकत सांगितली. त्या बाईने इंटरनेटवर मुलीचे नाव घालून शोधले. २०१३ साली घरच्यांनी काढलेले ‘हरवली आहे’ हे पोस्टर समोर आले. त्यावर पाच फोन नंबर होते. चार लागले नाहीत. पाचवा लागला. तो एका शेजाऱ्याचा होता. त्याने नऊ वर्षांत तो बदलला नव्हता. इतक्या वर्षांत खोटे फोनही येऊन गेलेले, तरी त्याने हा फोन उचलला, झटकून टाकला नाही आणि लगेच आरडाओरडाही केला नाही. आधी खात्री केली. व्हिडिओ कॉलवर आईने लेकीला पाहिले आणि ओळखले. मगच घरचे लोक पोलिसांना घेऊन तिथे गेले. वडील मात्र हा दिवस पाहायला हयात नव्हते.

या साडेनऊ वर्षांत त्या वस्तीत किती तर्क झाले असतील, किती जणांवर बोट रोखले गेले असेल! त्यातला एकही तर्क कामी आला नाही. कामी आले ते साध्या माणसांचे साधे काम. घरच्यांनी नाव, फोटो आणि नंबर लिहून ठेवले. एका कामवाल्या बाईने मुलीचे ऐकून घेतले. एका शेजाऱ्याने फोन उचलला.

अंदाजाने काय होते, हेही आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा गाव. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षुकीसाठी तिथे आले होते. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढ्यावर जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि पाचही जणांना जीव जाईपर्यंत मारले. कोणतेही मूल हरवलेले नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पण पाच ही काही लहान संख्या नाही. आमच्या नाक्यावरच्या माणसाला मार बसायला आम्ही पाठवलेले दोनसुद्धा पुरले असते.

तुम्ही म्हणाल, मग सामान्य माणसाने तपासात डोके घालूच नये काय? तसे नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सेंट जोसेफ नावाचे लहान गाव आहे. २२ ऑक्टोबर १९८९ च्या रात्री जेकब वेटरलिंग हा ११ वर्षांचा मुलगा, त्याचा धाकटा भाऊ आणि मित्र दुकानातून सायकली-स्कूटरवरून घरी येत होते. तोंड झाकलेल्या बंदूकधारी माणसाने त्यांना अडवले आणि जेकबला नेले. सारा देश हळहळला. जिथून त्याला नेले, तिथेच एका संगीत शिक्षकाचे घर होते. संशय त्यांच्याकडे वळला. २०१० मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी, त्यांच्या शेतात खोदकाम झाले आणि त्यांचे नाव जाहीर झाले. त्या माणसाने काहीही केले नव्हते. पण गावात मान वर करून चालणे त्यांना अवघड झाले.

त्याच सुमारास जॉय बेकर नावाची एक लेखिका या प्रकरणात लक्ष घालू लागली. तिने कोणाचे नाव घेऊन बोंब मारली नाही. तिने जवळच्या पेन्सव्हिल गावातली जुनी वर्तमानपत्रे चाळली. १९८० च्या दशकात तिथे मुलांवर झालेल्या हल्ल्यांच्या विसरलेल्या बातम्या शोधल्या. जेकबच्या आधी काही महिने अशाच प्रसंगातून वाचलेला एक मुलगा आता मोठा झाला होता. त्याच्यासोबत ती एकेका माणसाला भेटली, ऐकलेले लिहून ठेवले आणि ते तपास यंत्रणेपर्यंत नेले. जुन्या प्रकरणांकडे पुन्हा लक्ष गेले. वाचलेल्या मुलाच्या कपड्यावरच्या डीएनएची नव्याने तपासणी झाली आणि ती एका माणसाशी जुळली. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याने कबुली दिली व जेकबचे अवशेष सापडले. तपास यंत्रणेने १९८९-९० मध्येच त्याची चौकशी करून त्याला सोडून दिले होते.

दोन्ही ठिकाणी माणसे मदतच करू पाहत होती. फरक एवढाच की एकाने पाहिलेले लिहिले आणि दुसऱ्याने वाटलेले पसरवले.

हा फरक आपल्याला नवा नाही. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची आणि संशय व टेहळणीपासून दूर राहण्याची ताकीद आहे, हे मदरशातले मूलही सांगेल. शहानिशा न करता पाऊल टाकले तर निरपराधांचे नुकसान होते आणि नंतर पस्तावावे लागते, हेही तिथेच आहे. आम्ही ते वर्गात शिकवतो. त्या रात्री बोट मोबाईलवर असताना विसरलो.

मग मूल वेळेवर घरी आले नाही तर काय करावे? आम्ही चौकशी करून जे समजून घेतले, ते सांगतो.

पहिली गोष्ट, थांबू नका. ‘चोवीस तास जाऊ द्या’ असा कोणताही नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’ या प्रकरणात आदेश दिला की हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवून तपास सुरू करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून कोणतेही पोलीस ठाणे तक्रार नाकारू शकत नाही. फोनवरून ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर आहेत. आपल्या उपनगरात मुले लोकलने कुठेही पोहोचतात, म्हणून रेल्वे पोलिसांचा १५१२ आणि रेल्वेचा १३९ हेही लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, कामे वाटून घ्या. एक जण पोलीस ठाण्यात जाईल. दोघे नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या घरी स्वतः जाऊन बघतील, फोनवर भागवणार नाहीत. एक जण घरी थांबेल, कारण मूल परत आले तर दारात कोणीतरी हवे. आणि एक जण कागद घेऊन बसेल. मुलाला कोणी पाहिले, कुठे, किती वाजता, हे ज्याने पाहिले त्याच्या तोंडून ऐकून लिहील. ‘अमुक म्हणत होता’ हे त्या कागदावर येणार नाही. सायकल असेल तर तिचा रंग, बनावट, फ्रेमवरचा नंबर, लावलेले स्टिकर, हे सगळे लिहा. आजच सायकलचा फोटो काढून ठेवला तर उत्तमच.

तिसरी गोष्ट, कॅमेरे. दुकानांच्या यंत्रात जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून दुकानदाराला लगेच सांगा की हे जपून ठेवा आणि पोलिसांना दाखवा. यंत्राचे घड्याळ बरोबर आहे का, ते आपल्या घड्याळाशी ताडून लिहा. ती क्लिप ग्रुपवर टाकू नका.

चौथी गोष्ट, मेसेज पाठवायचा तो एकच. मुलाचे नाव, अलीकडचा फोटो, कपडे, शेवटचे कुठे दिसले ती जागा, तारीख, वेळ, पोलीस ठाणे आणि घरच्यांचे नंबर. संशयिताचे नाव नाही, फोटो नाही. मूल सापडले की मेसेज मागे घ्या आणि सगळ्यांना कळवा. ज्या मुलावर अत्याचार झाला असेल त्याची ओळख प्रसिद्ध करणे हा तर बाल न्याय कायद्याने गुन्हाच आहे. उद्या त्याला त्याच शाळेत, त्याच गल्लीत वावरायचे असते.

आणि मूल घरी आले की आधी त्याला जवळ घ्या. पहिला शब्द रागाचा असेल तर पुढच्या वेळी चेन तुटल्यावर ते घरी यायलाच घाबरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या भंगारवाल्याकडे गेलो. तो परभणीकडचा निघाला, त्याला दोन मुली आहेत. त्याच्या हातगाडीचे चाक वाकले होते. ते आम्ही दुरुस्त करून दिले, माफी मागितली आणि ज्या दोन ग्रुपवर फोटो पाठवला होता तिथे तसे लिहिले. त्याने माफ केले. पण त्या गल्लीतून तो आता जात नाही, वळसा घालून जातो.

शाळेत मात्र आम्ही एक काम सुरू केले आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक मूल तीन फोन नंबर पाठ म्हणून दाखवते. एक घरचा, एक नातेवाइकाचा आणि एक शेजाऱ्याचा. आणि घरी जाऊन विचारते की यातला कोणता बदलला आहे का. पहिल्याच महिन्यात आमच्या एका वर्गात अकरा नंबर बंद निघाले.

तुमच्या घरात हे आज रात्री जेवताना करून बघा.